आधी बंद, मंग भांडण

"समजलं का?" हा जगातला सगळ्यात बिनकामाचा प्रश्न आहे. पन्नास माणसांसमोर उभं राहून विचारून पाहा, पन्नास माना हलतील. त्यातल्या चाळीस जणांना काहीही कळलेलं नसतं, न् उरलेल्या दहा जणांचं लक्ष चहाकडं असतं. चारचौघांत "नाही समजलं" म्हणायला मोठ्या माणसाला मरणाची लाज वाटते. लेकरू बिनधास्त म्हणतं. आपण मोठे होतो ते मान हलवायला शिकूनच.

हे ज्ञान मला नागपूरच्या तीन दिवसांच्या शिबिरात मिळालं. कामगारांना शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं शिबिर होतं ते. त्याआधी मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापूस पिंजून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. कंबर गेली, वाकणं बंद झालं, तेव्हा एका संस्थेनं मला शिकवायच्या कामावर घेतलं. आता दारव्हा, आर्णी, उमरखेड, जिथं जिनिंग तिथं मी. खांद्यावर बॅग, बॅगेत तक्ते, खडू, शिट्टी आणि फॉर्म. लोक मला 'सर' म्हणतात. पहिल्यांदा कोणी म्हणालं तेव्हा मी मागं वळून पाहिलं होतं, कोण साहेब आला म्हणून.

शिबिरातल्या मॅडम हुशार होत्या, खोटं कशाला बोलू. दहा मिनिटांच्या वर बोलू नका म्हणाल्या, मोठ्या माणसाचं बूड दुखतं. 'समजलं का' विचारू नका, 'करून दाखवा' म्हणा. जे सांगितलं ते त्याच्याकडून परत घ्या, तेव्हाच ते पोचलं असं धरा. वर्गात सगळ्यात अनुभवी माणूस कोण ते हुडकून काढा आणि आधी त्याला बोलतं करा, म्हणजे बाकीचे आपोआप बोलतात. आणि खोली शांत हवी. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मोठा शहाणा होऊन यवतमाळच्या गाडीत बसलो.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की अरे, यातलं अर्धं तर आपल्याला उस्तादांनी कधीच शिकवलंय.

उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी फिटरचं काम शिकलो ते. दारव्ह्याकडच्या त्या जिनिंगमध्ये त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे, मालकसुद्धा. शेडमध्ये ओळीनं चोवीस रेचे. रेचा म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणारी मशीन. एक रेचा चालला तर ओरडून बोलावं लागतं. चोवीस चालले की तोंड उघडायचा काही उपयोगच नाही, उघडलं तर रुईच आत जाते. म्हणून शेडमध्ये सगळे हातानं बोलतात. अंगठा बोटावर चोळला की तेल. हवेत बोट गोल फिरवलं की पट्टा सरकला. पोटावरून मोठा अर्धगोल हात फिरवला की मॅनेजर येऊन राह्यला, सांभाळा. दोन्ही मुठी छातीसमोर आणून मनगटावर मनगट ठेवून फुली केली की मशीन बंद.

मी नवा असताना उस्ताद खूण करायचे आणि मी मान हलवायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कॉलर धरून शेडच्या बाहेर आणलं.

"मुंडी कायले हलवतं बे? मुंडी तं बैलबी हलवते. मी जे खूण केली, तेच खूण तू मले परत करून दाखव. तवा मले समजन का तुले समजलं."

शेडचा तो नियमच होता. खूण मिळाली की तीच खूण परत. त्यानंतर मी आयुष्यात उस्तादांपुढं मान हलवली नाही.

दुसरा नियम बंदचा. बंदची खूण कोणीही करो, झाडणारी बाई करो की मालक करो, काहून म्हणून विचारायचं नाही. "आधी बंद, मंग भांडण," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मला एका रेच्यात ओढणीसारखं काहीतरी दिसलं. मी घाबरून फुली केली. उस्तादांनी क्षणात अख्खी लाईन थांबवली. निघाला काय, तर पोत्याचा फाटका तुकडा! मॅनेजर थयथयाट करत आला. उस्तादांनी त्याचं ऐकून घेतलं, तो गेल्यावर मला दोन सणसणीत शिव्या हासडल्या आणि सुट्टी झाल्यावर चहा पाजला. म्हणाले, "चुकीचं बंद चालते बे. चुकीचं चालू नाही चालत."

तर अशा माणसाच्या जिनिंगमधून मागच्या सीझनच्या तोंडावर मला बोलावणं आलं. सर म्हणून.

झालं असं होतं, की आदल्या सीझनला शेजारच्या एका जिनिंगमध्ये एका बाईचा हात रेच्यात गेला. ती रोलरजवळ अडकलेला कापूस काढत होती आणि कोणीतरी लाईन चालू केली. त्यामुळं इथला मालक हादरला. आतापर्यंत लाईन चालू करायच्या आधी मुकादम शेडच्या टोकाला उभा राहून हात वर करायचा, सगळ्यांनी हात वर करून दाखवले की बटन दाबायचा. ती पद्धत मोडीत निघाली. नवं पॅनल आलं. आता तीनदा सायरन वाजणार, मग दहा मोजेपर्यंत वेळ, आणि रेचे आपोआप चालू. सायरन ऐकला की हातातलं काम टाकायचं आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर यायचं. हे मी सगळ्यांना दोन दिवसांत शिकवायचं, तिसऱ्या दिवशी एकेकाची परीक्षा घ्यायची आणि फॉर्मवर 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहून सही करायची. अयोग्य माणसाला शेडमध्ये प्रवेश नाही. मला हा नियम आवडला होता. मनापासून आवडला होता, तेही सांगून टाकतो.

पहिल्या दिवशी मी वर्ग ऑफिसमागच्या खोलीत घेतला. दारं-खिडक्या लावल्या, पंखासुद्धा बंद केला. खोली शांत हवी ना! फिटर, मुकादम, कापूस टाकणाऱ्या बाया, त्यात तांड्यावरच्या पाच-सहा जणी, सगळे सतरंजीवर. उस्ताद पुढंच भिंतीला टेकून बसलेले. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून इतके खूश झाले, की उठून माझ्या पाठीत धपाटाच घातला.

"सर झालं बे! आमचं पोट्टं सर झालं!"

सगळे हसले. मलाही बरं वाटलं. मी सांगायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत थांबलो, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे. मग म्हणालो, "उस्ताद, तुमीच सांगा. सायरन किती वेळा वाजन, न् मंग काय कराचं?"

"हो हो. समजलं," उस्ताद म्हणाले.

"तसं नाही. सांगा ना, किती वेळा?"

"आता तं पट्टे चांगले येते. पहिले चामड्याचे होते," ते म्हणाले.

खोलीत कोणी हसलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी असं उत्तर आलं असतं तर बायांनी पदर तोंडात कोंबून खोली डोक्यावर घेतली असती. पण सगळ्या सतरंजीकडं पाहत बसल्या. मी दुसऱ्यांना विचारू लागलो, तर कोणी बोलेना. उस्ताद बसलेले असताना त्यांच्या आधी कोण उत्तर देणार? एका मुकादमाच्या तर ओठावर आलेलं मी पाहिलं, त्यानं ते गिळलं.

मला वाटलं, म्हातारा माझी परीक्षा घेतोय. आपल्या हाताखालचं पोरगं आपल्यालाच शिकवायला आलं म्हणून मुद्दाम करतोय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी फाडकन म्हणालो, "उस्ताद, शेडमंदी तुमी उस्ताद. या खोलीत मी मास्तर हावो. शिकाचं असन तं शिका, नाही तं बाकीच्याइले तरी शिकू द्या."

उस्तादांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि गोड हसून मान हलवली.

"समजलं," म्हणाले.

मान हलवली. उस्तादांनी! ज्यांनी मला त्याच गोष्टीसाठी कॉलर धरून बाहेर काढलं होतं त्यांनी. आणि तरीही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. नागपूरला तीन दिवस काय गवत कापलं होतं मी?

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सराव. मेन स्विच मी स्वतः पाडून कुलूप लावलं होतं, फक्त सायरन चालू. दोन-तीनदा सगळ्यांना मिळून करायला लावलं. सायरन वाजला की बाया, फिटर, सगळे पटापट पट्ट्याच्या बाहेर. उस्तादही बाहेर, सगळ्यांच्या बरोबर. मी खूश. कालचं बोलणं डोक्यातून काढून टाकलं.

तिसऱ्या दिवशी एकेकट्याची परीक्षा. हीसुद्धा मॅडमचीच शिकवण, घोळक्यात सगळे एकमेकांचं पाहून करतात, खरं कळायचं तर एकट्याला करू द्या. मी बाकीच्यांना शेडबाहेर उभं केलं. उस्ताद आत गेले, सातव्या रेच्यावर वाकले आणि पाना घेऊन रोलरचा नट आवळायला लागले. मी त्यांच्या पाठीमागून बटन दाबलं.

सायरन वाजला. पत्र्याची अख्खी शेड थरारली. उस्ताद नट आवळत होते. दुसऱ्यांदा वाजला. ते वाकून नटाकडं पाहत होते, निवांत. तिसऱ्यांदा वाजला. मी दहा मोजले. मनात नाही, मोठ्यानं मोजले. दहा झाले तेव्हा उस्तादांचा उजवा हात कोपरापर्यंत रेच्यात होता.

मेन स्विचला कुलूप होतं, माहीत असूनही मी धावलो आणि त्यांना मागं ओढलं. ते दचकून वळले आणि हसले. माझा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू हळूहळू मावळत गेलं. मी एकही शब्द न बोलता त्यांना कळलं, सायरन वाजून गेला.

दारातून एक बाई पुढं आली. सात नंबरवर कापूस टाकणारी, बऱ्याच सालांपासून तिथंच होती. तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही, सरळ भांडायलाच आली.

"आमाले सगळ्याइले माहीत हाये, सर. तीन सीझन झाले त्याईले आयकू येत नाही. आमी हात करतो, ते पाह्यते. शेडमंदी तसंही कोनाले आयकू येते? तुमाले येते का?"

"सायरन लाईन बंद असताना वाजते, बाई. तवा कोन हात करन?"

"मी करीन."

"तू पानी प्याले गेलतीस तं?"

तिला गप्प करून मला काय मिळालं? मीच विचारलेल्या प्रश्नाचं मलाच उत्तर नको होतं.

उस्तादांना घेऊन मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेलो. तिथं ते माझ्या ओठांकडं पाहत बसले. मी सावकाश बोललो, अर्धं हातानं बोललो. इतक्या सालांनंतरही माझे हात त्यांच्यापुढं आपोआप बोलायला लागले.

"मशीन चालू असली का मी सगळ्याइच्या बराबर असतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा मोठाच लागत होता, टपरीवाला पाहत होता. "मशीन बंद झाली का एकटा पडतो. घरी तं बुढी बोलते, पोरं बोलते, मी हो हो करतो. त्या बंद खोलीत तू मले नेलं ना, तवा मले घरच आठवलं. पाह्य बावा, शेडमंदी मले राहू दे."

कानाच्या मशीनचं मी विचारलं. लावून पाहिली होती म्हणाले. शेडमध्ये नुसता गोंगाट डोक्यात शिरतो आणि वर ती रुईनं भरून बंद पडते. फाटकावर बसायचं काम मागू का म्हणालो. तर हसले. "अबे, गेटवर टरकाचा हॉर्न आयकू याले पाह्यजे."

मी मॅनेजरकडं गेलो. म्हणालो, साहेब, सायरनसोबत एक लाल दिवा लावा, डोळ्याला दिसेल असा. नाहीतर आपली जुनी हात वर करायची पद्धत राहू द्या, सायरन राहील आणि हातही राहील. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "पॅनलवाला आता सीझन संपल्याशिवाय हात लावत नाही. पुढच्या साली पाहू. न् दोन-दोन नियमाचं म्हणाल, तर तुम्हीच शिकवता ना, शेडमध्ये नियम एकच पाहिजे? दोन केले तर लोक एकही पाळत नाही."

मीच शिकवतो. पहिल्या तासाला, तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहून.

फॉर्म घेऊन मी सरकीच्या ढिगाजवळ बसलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'योग्य' लिहायला काय लागतं? एक शब्द. कोणी विचारणार नाही. सात नंबरवाली बाई जीव तोडून हात करेल. रोज करेल, अख्खा सीझन करेल, आणि एखाद्या दिवशी तिचं लेकरू आजारी पडेल, ती येणार नाही. त्या दिवशी उस्ताद असेच वाकलेले असतील, निवांत. दुसरीकडं 'अयोग्य' लिहिलं तर हा माणूस, ज्यानं मला हातात पाना कसा धरायचा ते शिकवलं, घरी बसून हो हो करत राहील. मी पेन उघडला, बंद केला. माझा मलाच राग आला, संस्थेचा आला, मॅडमचा आला, त्या सायरनचा तर असा आला, की वाटलं दगड घालावा त्याच्या भोंग्यात. पण डोक्यात एकच वाक्य येत राहिलं, चुकीचं बंद चालते, चुकीचं चालू नाही चालत. तेही उस्तादांचंच! आपल्याविरुद्धचा न्याय म्हाताऱ्यानं मलाच पाठ करून ठेवला होता.

मी 'अयोग्य' लिहिलं.

निकाल प्रत्येकाला समोर उभं करून सांगायचा आणि फॉर्मवर त्याची सही घ्यायची, असा नियम. दुपारी सगळे शेडच्या दाराशी उभे राहिले. एकेक जण आला, योग्य, योग्य, योग्य. मग उस्ताद आले. माझी मान वर होईना. मी फॉर्मकडं पाहतच पुटपुटलो, "उस्ताद, तुमाले शेडमंदी आता काम करता येनार नाही."

"हो, समजलं," उस्ताद म्हणाले आणि सहीसाठी पेन मागितला.

त्यांना वाटलं ते पास झाले. बाकीच्यांना मिळाला तसाच कागद, तशीच सही. ते सही करायला वाकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! माझ्यासाठी ते किती सोपं होतं. सही होऊ द्यायची, बॅग उचलायची, दारव्ह्याची जीप पकडायची. उद्या फाटकावर त्यांना कोणीतरी अडवलं असतं, पण तेव्हा मी तिथं नसतो. शप्पथ सांगतो, जायचं माझ्या मनात आलं होतं. दोन पावलं मी टाकलीही होती.

पण 'समजलं' ऐकून निघून जायचं नाही, एवढं एकच मला येतं. ते मला नागपूरनं नाही शिकवलं.

मी परत फिरलो. त्यांच्या हातातला पेन काढून घेतला. त्यांनी वर पाहिलं. मग मी त्यांच्याकडं बोट केलं, शेडकडं बोट केलं आणि दोन्ही मुठी छातीसमोर आणून मनगटावर मनगट ठेवलं.

मागं उभ्या बायांमध्ये कोणीतरी "आई गं" म्हणालं.

उस्ताद माझ्या हातांकडं पाहत राहिले. काहून म्हणून त्यांनी विचारलं नाही. खिशातला पाना काढून त्यांनी सावकाश दाराजवळच्या पेटीवर ठेवला. मग माझ्या डोळ्यांत पाहिलं, आपल्या दोन्ही मुठी उचलल्या आणि तीच खूण मला परत करून दाखवली.